हे ठरवणारे तुम्ही कोण टिकोजीराव? (राज्य करायचा हक्क नक्की येतो कुठून)

गोदाकाठी
रविवारी सोसायटीची मिटिंग होती, इंदिरानगर, नाशिक, दोन विंग, ३२ फ्लॅट. विषय एकच, पाण्याची मोटर किती वाजता चालू करायची. चेअरमन काका म्हणाले सहा, बी विंगच्या एक वहिनी म्हणाल्या साडेपाच, शाळेची व्हॅन सहा वीसला येते म्हणून, मग आवाज चढले आणि वहिनींनी सरळ विचारलं, हे ठरवणारे तुम्ही कोण टिकोजीराव? आता गंमत बघा, काका अकरा वर्षं चेअरमन आहेत कारण दुसरं कोणी फॉर्मच भरत नाही, म्हणजे त्यांना मत असं कोणी कधी दिलेलंच नाही. काका दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, किल्ली माझ्याकडे आहे. मिटिंग संपली.

घरी आल्यावर तेच डोक्यात. नाशिक मनपाची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढचं मतदान जानेवारी २०२६ ला, मधली पावणेचार वर्षं आणि वर थोडे दिवस शहरात एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मला नगरसेवकाची आठवणसुद्धा आली नाही. घंटागाडी येत होती, घरपट्टी भरत होतो, सगळं आपलं चालू. मग घराबाहेरचा रस्ता खोदला गेला, कोणत्या ऑफिसचं काम ते इथे लिहीत नाही, चार महिने तसाच, तक्रार टाकली तर मोबाईलवर 'निराकरण झाले' असा मेसेज आणि बाहेर खड्डा जसाच्या तसा. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की 'पुढच्या वेळी बघतो तुला' असं म्हणायला समोर माणूसच नाहीये.

तर प्रश्न असा. राजा, पक्ष, धर्मगुरू, लष्कर, निवडून आलेला, नेमलेला, हे सगळे आपल्याला हुकूम देतात आणि आपण बहुतेक वेळा ऐकतो, दरवेळी काठीच्या भीतीने नाही. का ऐकतो? पक्षांची धुणी इथे धुवू नका ही हात जोडून विनंती.

मिसळ_कमी_तिखट
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काकांच्या उत्तरात सगळं राज्यशास्त्र आलं, धागा बंद करा.

एमपीएससी_पाचवा_अटेम्प्ट
रुमाल टाकून ठेवतो, लायब्ररीतून आलो की लिहितो. याला, म्हणजे राज्य करायचा हक्क लोकांनी मानण्याला, आमच्या पुस्तकात अधिमान्यता म्हणतात.

सातपूर_एमआयडीसी
सोप्पंय हो. ज्याच्या राज्यात नळाला पाणी त्याचं राज्य बरोबर. बाकी सगळा पुस्तकी किस.

कंपनीच्या मशीनसाठी मी सात महिने चीनला होतो, सुझोऊला. तिथल्या लाईन सुपरवायझरशी बऱ्यापैकी दोस्ती झाली, एकदा जेवताना विचारलं की बाबा तुम्हाला मत नाही, राग नाही येत? तो म्हणाला आजोबांनी दुष्काळात माणसं मेलेली बघितली, बापाने आयुष्य सायकलवर काढलं, माझ्याकडे गाडी आणि फ्लॅट आहे, आता तू सांग मी कोणावर रागवू. मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे दर पाच वर्षांनी बोटाला शाई लावून मी अंबड लिंकला तोच खड्डा चुकवतोय.

रामशास्त्री_नव्हे
@सातपूर, तुमचा सुपरवायझर बोलला ते तीन हजार वर्षं जुनं आहे. इसवीसनापूर्वी अकराव्या शतकात चौ घराण्याने शांग घराणं उलथवलं, आता बंडखोराला हक्क कुठून आणायचा? म्हणून त्यांनी सांगितलं की स्वर्गाने आज्ञा दिलेली असते, राजा नालायक झाला की स्वर्ग ती काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो. म्हणजे पूर, दुष्काळ, भूकंप आला की लोकांनी समजायचं, गेली याची सनद. पुढे मेन्शियस या चिनी तत्त्ववेत्त्याला कोणीतरी विचारलं की प्रजेने राजाला मारणं चालतं का, तर तो म्हणाला चौ नावाच्या एका माणसाला मारल्याचं ऐकलंय, राजाला मारल्याचं ऐकलं नाही. (हा चौ म्हणजे शांगांचा शेवटचा राजा, वरच्या चौ घराण्याशी गल्लत नको.) म्हणजे जुलूम केलास की तू राजा राहिलाच नाहीस, साधा माणूस झालास.

आणि हे डोक्यातून जात नाही. १९७६ च्या जुलैत तांगशानला प्रचंड भूकंप झाला, सप्टेंबरात माओ गेला, कम्युनिस्ट राजवटीत पंचवीसेक वर्षं काढलेली माणसंसुद्धा कुजबुजली की हा संकेतच होता.

काळा_कोट
वकिली चष्म्यातून दोन गोष्टी.

गोदाकाठी दादा, घटनेच्या २४३-यू मध्ये स्पष्ट आहे की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ७४ वी दुरुस्ती याचसाठी आणली होती, कारण त्याआधी राज्य सरकारं पालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं प्रशासक बसवायची. तरीही ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्टकचेरी यात २०२२ ची निवडणूक २०२६ वर गेली, आणि शेवटी मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत घ्या, तरी त्या आदेशानंतर आठ महिने लागलेच. प्रशासकाची नेमणूक कायद्यात बसते. पण कायद्यात बसणं आणि लोकांनी मनापासून मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या खड्ड्याने तुम्हाला तेच शिकवलं.

दुसरं, @सातपूर. काम केलं म्हणून हक्क, हे ऐकायला झकास. पण काम थांबलं की काय? आपल्याकडे १९७७ ला लोकांनी इंदिरा गांधींना घरी बसवलं, रायबरेलीत स्वतः हरल्या, त्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी तहसील ऑफिस उघडंच होतं. सरकार पडलं, व्यवस्था पडली नाही. जिथे 'आम्ही पोट भरतो म्हणून आम्ही' एवढाच हक्क आहे तिथे सरकार आणि व्यवस्था एकच झालेली असते, एक पडलं की दुसरं पडलंच. म्हणून तर अशी सरकारं वाढीचा आकडा जरा घसरला की घाबरतात.

सातपूर_एमआयडीसी
ताई मुद्दा पटला पण अर्धाच. आपलं सरकार पडतं आणि व्यवस्था टिकते हे खरं, पण खड्डा पण टिकतो ना.

मिसळ_कमी_तिखट
खिक्क. खड्डा हीच खरी चिरंतन संस्था.

मास्तरीण_पेठरोड
मी सुरगाण्याकडे शाळेवर आहे, त्यामुळे 'काम करतो तोच खरा' याचं आमच्याकडचं उदाहरण देते. डिसेंबर २०२२ ला आमच्या सीमेवरच्या गावांनी निवेदन दिलं होतं की आम्हाला गुजरातला जोडा. पेपरात आलं तेव्हा नाशिकमधली माणसं हसली, काही चिडली. पण तिथे उभं राहून बघा, पलीकडच्या गावातला रस्ता आणि लाईट दिसते. लोकांना गुजराती अस्मिता वगैरे काही नव्हती, एवढंच की ज्याचा रस्ता येतो त्याचं राज्य. सरकार पाडायची भाषा नव्हती, राज्यच बदलून घेतो म्हणत होते. निवेदन गेल्यावर साहेब लोकांच्या गाड्या यायला लागल्या हेही सांगते.

पण हीच माणसं मार्च २०१८ च्या लाँग मार्चला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून मुंबईला निघाली होती, १८० किलोमीटर, वनजमिनीच्या हक्कासाठी. आमच्या शाळेतल्या पोरांचे आईबाप होते त्यात. शेवटच्या रात्री दहावीच्या पेपरला पोरांना त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालत गेले. त्या एका गोष्टीने मुंबईची माणसं पाण्याच्या बाटल्या आणि चपला घेऊन रस्त्यावर आली आणि सरकारला लेखी द्यावं लागलं. त्या चालणाऱ्या माणसांना कोणी निवडून दिलेलं नव्हतं, तरी त्या दिवशी महाराष्ट्रात त्यांच्या शब्दाला मंत्र्यांपेक्षा वजन होतं. हे कोणत्या खान्यात टाकायचं ते अभ्यास करणाऱ्या पोराने सांगावं.

एमपीएससी_पाचवा_अटेम्प्ट
आलो. मॅडम तेच लिहिणार होतो.

मॅक्स वेबर म्हणून जर्मन होता, १९२० ला गेला. त्याने तीन खाने केलेत. एक परंपरा, म्हणजे बापाचं राज्य पोराला कारण आजवर असंच चालत आलंय. दुसरा करिष्मा, म्हणजे त्या माणसातच काहीतरी आहे म्हणून लोक मागे जातात. तिसरा कायदा, म्हणजे खुर्चीला मान, माणसाला नाही, कलेक्टर बदलला तरी सही चालते. यावर प्रश्न दर दोन वर्षांनी येतो, पाठ आहे.

पण पुस्तकात जे लिहीत नाहीत ते असं की कुठलंच राज्य एका खान्यावर उभं नसतं. ब्रिटनमध्ये सत्ता संसदेची, पण नाण्यावर अजून 'देवाच्या कृपेने राजा' याची लॅटिन आद्याक्षरं छापतात. इराणमध्ये लोक मत देतात, पण उमेदवार कोण असावा हे बारा जणांची पालक परिषद आधी चाळून घेते, म्हणजे देव आणि मतपेटी दोन्ही, आणि देवाच्या हातात चाळणी. पोप तर निवडून येतो, दोन तृतीयांश मतं लागतात, आणि आला की सर्वसत्ताधीश. भूतानला उलटंच, राजानेच सांगितलं की आता लोकशाही घ्या आणि लोक म्हणाले नको, तुम्हीच बरे. मग २००७ ला सरावासाठी खोटी निवडणूक घेतली, पक्षांना नुसते रंग दिले, आणि लोकांनी धो धो पिवळ्याला मतं दिली, कारण पिवळा राजाचा रंग! म्हणजे लोकशाहीला पहिला शिक्का राजाकडूनच मारून घ्यावा लागला.

मॅडमच्या मोर्च्याचा खाना वेबरकडे नाही असं माझं मत. करिष्मा म्हणावा तर एक माणूस नव्हता. परीक्षेत असं लिहिणार नाही अर्थात.

कसमादेकर
मंडळी मी देवळा तालुक्यातला, कांदा, त्यामुळे पुस्तकी बोलणं जमत नाय, मोबाईलवरून टाईपतोय चुका पोटात घ्या. आमच्या इथलं उमराण्याचं कोणी काढलं नाही म्हणून काढतो. २०२० च्या डिसेंबरात तिथे सरपंच पदाची बोली लागली, मंदिराच्या कामासाठी, २ कोटी ५ लाखावर सुटली. व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला आणि जानेवारी २०२१ ला निवडणूक आयोगाने ती निवडणूकच रद्द केली, नंदुरबारच्या खोंडामळीची पण केली, तिथे पण तसंच झालेलं. आता शहरातले लोक बोंबलले लोकशाहीचा लिलाव वगैरे. पण भाऊ मी शेजारच्या गावातून बघितलंय, निवडणूक लागली की काय होतं ते. भावकीत भावकी राहत नाही, सख्खा चुलता बांधावरून पाणी देत नाही, पैसे तर तेव्हा पण वाटतातच की, फरक एवढाच ते ढाब्यावर जातात, मंदिरात नाही. गावाने मिळून ठरवलं, पैसा गावाच्या देवाला, कोणाचं डोकं फुटलं नाही. मग सगळ्या गावाला चालतंय तर आयोग कोण टिकोजीराव? असा माझा सरळ प्रश्न आहे, चिडून नाही.

मिसळ_कमी_तिखट
ज्जे बात. आता लागली आग.

गोदाकाठी
कसमादेकर भाऊ, हा प्रतिसाद वाचून मी अर्धा तास बसून राहिलो. मला वाटायचं हे उघड चूक आहे, आणि आता का चूक ते सांगता येईना. बिनविरोध निवडीचं तर आपण कौतुकच करतो, फलकसुद्धा लावतो. आमचे काका अकरा वर्षं बिनविरोधच आहेत.

काळा_कोट
चूक कुठे ते मी सांगते. बोली लावायची ऐपत गावात किती जणांची? दोन कोटी कोणाच्या खिशात असतात? म्हणजे निवड गावाने केलीच नाही, ऐपतीने केली, गावाने फक्त मान डोलावली. आणि एवढे घातलेला माणूस ते वसूल कुठून करणार हेही बघा.

मास्तरीण_पेठरोड
माझा एकच प्रश्न आहे भाऊ, रागावू नका. गावात असं पारावर मिळून ठरतं तेव्हा तिथे बाया किती असतात? आणि वस्तीवरचे?

कसमादेकर
मास्तरीण बाई खरं बोलायचं तर त्या बोलीला मी काय हजर नव्हतो. पण आमच्या गावात पारावर जे ठरतं त्याला एक पण बाई नसते. वस्तीवरचे मागे उभे असतात, बोलत नाहीत. माझी आई ऐंशीची आहे, तिला आत्ता विचारलं, ती म्हणते मला बाकी काय माहीत नाय पण मत द्यायला जाते तेव्हा त्या पुठ्ठ्याच्या आड मी काय दाबलं ते तुझ्या बापाला मरेपर्यंत कळलं नाही. ह्यावर मला पुढे काय सुचेना.

मास्तरीण_पेठरोड
तुमच्या आईला नमस्कार सांगा.

यावरून आठवलं, परंपरेची गोष्ट निघाली की लोक राजेरजवाडे आठवतात, पण आपल्या नाशकातच २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आत सोडणार नाही म्हणणाऱ्यांकडे पण परंपरेचीच सनद होती की! बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी वर्षानुवर्षं तो लढा चालवला, आणि १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे 'गावाचं एकमत आहे' म्हटलं की मी आधी विचारते, गावात कोणाला धरलंय?

रामशास्त्री_नव्हे
+१. आता मला माझ्या खुंट्यावर येऊ द्या, इतिहास.

महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक का करून घेतला? राज्य तर हातात होतंच, किल्ले होते, आरमार होतं. पण आदिलशाही आणि मोगल दप्तरी त्यांची गणना जहागीरदाराचा बंडखोर मुलगा अशीच. जमिनीची सनद दिली तर उद्या कोणी विचारणार, देणारा कोण. म्हणून काशीचे गागाभट्ट, ६ जूनचा सोहळा, स्वतःचा शक, फारशी जाऊन संस्कृत राजव्यवहारकोश, हा सगळा घाट. आणि लगेच त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्यांकडून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक. जे वैदिक विधीने बांधले जाणार नाहीत ते या विधीने, असं मी समजतो. तलवार होती, लोकांचं प्रेम होतं, तरी तिसरी गोष्ट लागली, कारण करिष्मा माणसाबरोबर जातो आणि सिंहासन मागे राहतं.

आता पेशवे घ्या. पुण्यात सगळी सत्ता, साताऱ्याचे छत्रपती नावापुरते, तरी प्रत्येक पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच आणावी लागली. आपल्या आनंदवल्लीला ज्यांचा वाडा होता ते राघोबादादा, नारायणरावाच्या खुनानंतर, ३० ऑगस्ट १७७३, त्यांनीही साताऱ्याची वस्त्रं मिळवली. म्हणजे कागद बरोबर, शिक्का बरोबर. पण रामशास्त्र्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि कारभाऱ्यांनी मनातून त्यांना पेशवा मानलंच नाही. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने वस्त्रं आली! एका बाजूला अटकेपर्यंत गेलेला सेनानी आणि दुसऱ्या बाजूला पाळण्यातलं पोर, आणि बारभाई, म्हणजे एकत्र आलेले कारभारी, पोराच्या बाजूने. त्या पोराची आजी गोपिकाबाई पुढे गंगापूरलाच राहिल्या. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते तेव्हा मला दरवेळी हेच आठवतं, बायको म्हणते समोर बघून गाडी चालवा.

आणि शेवटचं, मग थांबतो. कंपनी सरकार १८३५ पर्यंत रुपयावर बादशहा शाह आलमचं नाव छापत होतं. शाह आलम १८०६ लाच मेला होता! मेलेल्या माणसाच्या नावाने एकोणतीस वर्षं नाणी, कारण बाजारातला सराफ ते नाव ओळखत होता.

सातपूर_एमआयडीसी
एक नंबर. म्हणजे ब्रँड दुसऱ्याचा, माल आपला. आमच्याकडे जॉबवर्क म्हणतात याला.

गोदाकाठी
इंग्रजांचंच पुढचं नाशिक घ्या ना. कायदा कडेकोट, खटले चालवून शिक्षा. १९०९ ला कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची, कलम दाखवून, रीतसर. डिसेंबरात विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. जॅक्सन संस्कृत जाणणारा, निरोपाच्या नाटकाला बोलावलेला. म्हणजे रीत आहे, कायदा आहे, साहेब व्यक्तिशः विद्वान आहे, आणि तरी पायाखाली काही नाही.

एमपीएससी_पाचवा_अटेम्प्ट
मग निवडणुकीने तरी पाया भरतो का? २०२४ ला ब्रिटनमध्ये लेबर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. आपल्याकडे २०१४ ला भाजप ३१ टक्क्यांत २८२. काँग्रेसला १९८४ च्या लाटेतसुद्धा ४९ च्या आसपासच, लोकसभेत कोणत्याही पक्षाला आजवर पन्नास टक्के ओलांडता आलेले नाहीत. उलट चीनमध्ये २०१८ ला अध्यक्षांची मुदतमर्यादा काढायचा ठराव २९५८ विरुद्ध २ असा पास झाला. आकड्यावरच जायचं तर तेच जास्त लोकशाहीवादी निघतील!

काळा_कोट
त्या दोघांचं मला फार कौतुक वाटतं.

माझ्या मते जिंकणाऱ्याच्या टक्क्यात बघूच नका, हरणाऱ्याकडे बघा. ६९ टक्के लोकांनी ज्याला मत दिलं नाही त्याचं सरकार आलं आणि ते ६९ टक्के दुसऱ्या दिवशी कामावर गेले, कारण पुढच्या वेळी आपला येऊ शकतो ही खात्री. ती खात्री गेली की संपलं. बांगलादेशात जानेवारी २०२४ ला निवडणूक झाली, मोठ्या विरोधी पक्षाने बहिष्कार घातला, हसीनाबाई आरामात जिंकल्या, ५ ऑगस्टला त्यांना देश सोडावा लागला. कागदावर निवडणूक जिंकलेली होती की.

कसमादेकर
ते ऑगस्ट आम्हाला चांगलं माहीत आहे ताई, बॉर्डर बंद झाली आन कांद्याच्या गाड्या अडकल्या. लोकांना वाटतं ढाक्यात काय झालं त्याचं आपल्याला काय.

गोदाकाठी
आमचा वॉचमन नेपाळचा आहे. सप्टेंबर २०२५ ला तिकडे पेटलं तेव्हा तो तीन रात्री मोबाईलला चिकटून होता. ८ तारखेला पोरांवर गोळीबार झाला, एकोणीस मेले, ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद जळली, आणि १२ ला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की पंतप्रधान. त्यांचं नाव आधी पोरांनी डिस्कॉर्डवर चर्चा करून मतं घेऊन पुढे केलं होतं! गेम खेळताना गप्पा मारायचं ॲप ते. कार्कीबाई संसदेवर निवडून आलेल्या नव्हत्या, नेहमीच्या कलमात बसत नव्हत्या, तरी शपथ राष्ट्रपती भवनातच आणि राष्ट्रपतींच्याच हातून झाली. मी त्याला विचारलं, हे तुला चालतं का, तर म्हणाला मी राजा बघितला, माओवादी बघितले, घटना बघितली, ह्या बाईंनी पैसे खाल्लेले नाहीत एवढं सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं वेबरने नाही पण याने चौथा खाना सांगितला.

रामशास्त्री_नव्हे
पण शपथेला भवन आणि राष्ट्रपती लागलेच, हे नोंदवून ठेवा. साताऱ्याची वस्त्रं ती हीच.

मिसळ_कमी_तिखट
अवांतर, पण आपल्याकडे प्रभागाचं आरक्षण सोडतीने काढतात ना, चिठ्ठ्या टाकून, मग नगरसेवकच का नाही काढत? खर्च शून्य, मटण पार्ट्या शून्य.

रामशास्त्री_नव्हे
हसू नका, ही खरंच पद्धत होती. अथेन्समध्ये पाचशे जणांची सभा चिठ्ठीनेच निघायची, निवडणूक ही त्यांच्या मते श्रीमंतांची गोष्ट, कारण निवडून नेहमी नाववालाच येतो. आणि आपल्याकडे तमिळनाडूत उत्तरमेरूरला दहाव्या शतकातला चोळांच्या काळचा शिलालेख आहे, ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाने काढायची. सगळ्यात भारी म्हणजे बाद करायचे नियम, आधी समितीवर असताना ज्याने हिशोब दिला नाही तो बाद आणि त्याचे नातेवाईक पण बाद!

सातपूर_एमआयडीसी
हा नियम आज लावला तर मडकं रिकामं राहील.

मास्तरीण_पेठरोड
त्या मडक्यात बायांची नावं होती का हो? आणि बिनजमिनीवाल्यांची?

रामशास्त्री_नव्हे
नव्हती ताई. जमीन, स्वतःचं घर आणि वेदाचं शिक्षण लागायचं, ब्राह्मणांच्या गावची सभा होती ती. मुद्दा कबूल.

गोदाकाठी
धागा वर काढतोय, पंधरा दिवसांनी अपडेट.

काल परत मिटिंग झाली. काका म्हणाले मला कंटाळा आलाय, नवीन चेअरमन बघा. फॉर्म नेहमीप्रमाणे कोणीच भरेना. मी हा धागा वाचून बसलेलो, मी उत्तरमेरूर सुचवलं. नावं ३२ च्या ३२ फ्लॅटची, घरातल्या कोणत्या माणसाचं ते घराने ठरवायचं, आणि मेंटेनन्स थकलेला असेल तर बाद. यावर पाच जण उठून गॅलरीत गेले. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, वॉचमनच्या मुलीने काढली, निघाल्या बी विंगच्या त्याच वहिनी. काकांनी किल्ली दिली. मोटर आता साडेपाचला सुरू होते आणि ए विंग कुरकुरत का होईना उठते.

काळा_कोट
दादा, सोसायटीच्या बायलॉजमध्ये चिठ्ठीची तरतूद नाही. कमिटी निवडूनच यावी लागते. उद्या कोणी उपनिबंधकांकडे अर्ज केला तर हे एका सुनावणीत उडेल.

गोदाकाठी
माहीत आहे हो. पण अर्ज करणार कोण? गॅलरीत गेलेल्या पाचांपैकी दोघांनी आज सकाळी मेंटेनन्स भरला, म्हणाले पुढच्या चिठ्ठीत आमचं नाव टाका.